१८२ दिवसांचं लातूर

लातूरच्या बसस्थानकाजवळच्या हॉटेलात तिनं मला तिची वही दिली, तेव्हा तिला नववा महिना लागला होता. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, कोपरे मऊ पडलेली. वही टेबलावर ठेवून तिनं वर हात ठेवला आणि म्हणाली, "कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सगळं आहेच. पण यात जे आहे ते अ‍ॅपमध्ये नाही." मग पोटाला आधार देत सावकाश उठली आणि म्हणाली, "चल, औसा रोडपासून सुरुवात करू."

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीची माहिती घेऊन डॉक्टरांकडे जाणारी प्रतिनिधी, पण माझा स्वतःचा एरिया नाही. थर्ड पार्टी पेरोलवर काम करते. एखाद्या कंपनीचं हेडक्वार्टर, म्हणजे एका एमआरचं मुख्य गाव, रिकामं पडतं. कुणी राजीनामा देतं, कुणाचा अपघात होतो, कुणी बाळंतपणाच्या रजेवर जातं. तेवढ्या मुदतीपुरती मला तिथं पाठवतात. बॅग कंपनीची, व्हिज्युअल एड, म्हणजे औषधांची चित्रं-माहिती दाखवायची पुस्तिका, कंपनीची, कार्डावर नावही कंपनीचं, पगार मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच फर्मकडून येतो. याआधी चिपळूणला तीन महिने काढले होते, सगळे पावसाचे. लातूर मात्र वेगळं होतं. आधीचा माणूस निघून गेला म्हणून जागा रिकामी पडते, तशी ही जागा रिकामी नव्हती. तिची मालकीण, ही वही देणारी ताई, परत येणार होती.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पहिल्या दोन मुलांपर्यंत ती मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. तिनं चार आठवडे आधी घेतले. माझ्या असाइनमेंट लेटरवर तारखा होत्या १ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२५. मी बोटांवर मोजून पाहिलं, बरोबर १८२ दिवस. तिची रजा आणि माझी नोकरी एकाच मापाची होती.

माझं लेटर १ तारखेपासूनचं, पण जॉइंट वर्क, म्हणजे दोघींनी मिळून डॉक्टरांना भेटणं, आम्ही त्याआधीच्या शुक्रवारी-शनिवारी केलं. ते दोन दिवस कुणाच्याच हिशेबात नव्हते. मी माझ्या खर्चानं आले, तिनं तिच्या तब्येतीच्या खर्चानं. पण त्या दोन दिवसांनी माझे पुढचे दोन महिने वाचवले. डॉक्टरांच्या केबिनमध्ये ती आधी शिरायची, मी मागून. ती एवढंच म्हणायची, "मॅडम, मी एप्रिलमध्ये येते. तोवर ही आहे." तेवढ्या एका वाक्यावर मला पुढे खुर्ची मिळत गेली. रिकाम्या एरियात असं कुणी ओळख करून देत नाही. तिथं पहिला महिना "आधीचा माणूस कुठं गेला?" या प्रश्नाला उत्तर देण्यातच जातो.

राहायची सोय लातुरात सोपी झाली, ती शिकवण्यांमुळे. ट्युशन एरियात मुलींसाठी खोल्यांना तोटा नाही. मला एका काकूंकडे जागा मिळाली. खोलीतल्या बाकी तिघी नीटची तयारी करणाऱ्या, सतरा-अठरा वर्षांच्या. मी रात्री डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा अहवाल, भरत बसायचे आणि शेजारी त्यांची बायोलॉजीची उजळणी चालायची. हार्मोन्सचा धडा आला की त्या माझं व्हिज्युअल एड मागून घ्यायच्या. त्यातली गर्भाशयाची आकृती पुस्तकातल्यापेक्षा स्पष्ट आहे, असं त्यांचं मत होतं.

आमचं डिव्हिजन स्त्रीरोगतज्ज्ञांचं. लोह, कॅल्शियम, प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल आणि लोहाचं एक इंजेक्शन. यादीवर १०४ डॉक्टर. लातूर शहर हे हेडक्वार्टर, औसा-रेणापूर एक्स-स्टेशन, म्हणजे त्याच दिवशी परतायची गावं, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर, अंबाजोगाई आउटस्टेशन, म्हणजे लांबची, मुक्कामाची. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात येतं, पण तिथं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे ते आमच्याच रूटला जोडलेलं. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ सांभाळणं हे या कामातलं सगळ्यात अवघड. फिजिशियनची ओपीडी निदान ठरल्या वेळी संपते. इथं मधेच सिझर निघतं, मग बाहेर बसलेल्या वीस बायका थांबतात आणि त्यांच्यामागे मीही.

वहीतली नोंद अशी होती: "औसा रोड, मॅडम. सिस्टर 'अर्धा तास' म्हणाली तर दीड तास समजायचा. थांबू नये, केमिस्ट करून यावं. १२.३० नंतर बरं." दुसरी: "अहमदपूर, सर. बोलत नाहीत, पण ऐकतात. दोनच प्रॉडक्ट. तिसरं काढलं की दाराकडे बघतात." आणखी एक, खाली दोन रेघा मारलेली: "सॅम्पल एप्रिल ते सप्टें. ८ दिले. मार्चपर्यंत ४ च."

या शेवटच्या नोंदीची किंमत मला नोव्हेंबरात कळली. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विक्रीपद्धतीसाठी नवी आचारसंहिता आली. तिच्याप्रमाणे एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला बाराच सॅम्पल पॅक देता येतात आणि एका पॅकमध्ये तीन रुग्णांना पुरेल यापेक्षा जास्त औषध नसावं. वर्ष मोजायचं तर आधीच्या सहा महिन्यांत कुणाला किती गेलं ते ठाऊक हवं. बदली माणूस बहुतेक वेळा इथंच फसतो. त्याला मागचं माहीत नसतं आणि डॉक्टर म्हणतात, "आम्हाला काहीच मिळालं नाही." अंबाजोगाईच्या एका सरांनी तसं म्हटल्यावर मी वही उघडून तारखा वाचून दाखवल्या. ते हसले आणि म्हणाले, "तिनं लिहून ठेवलंय होय? मग बरोबर असेल." तिच्या शब्दाला तिथं एवढं वजन होतं, आणि ती तेव्हा घरी तान्ही पोर मांडीवर घेऊन बसली होती. वसुबारसेला तिला मुलगी झाली होती.

पहिले अकरा दिवस माझा आयडीच तयार झाला नाही. अ‍ॅपमध्ये डॉक्टरच्या दवाखान्यापाशी उभं राहून हजेरी लावावी लागते, तेव्हा कॉल, म्हणजे डॉक्टरची भेट, मोजला जातो. आयडी नाही म्हणजे कॉल नाही, आणि कॉल नाही म्हणजे डीए, दैनिक भत्ता, नाही. मी रोज काम केलं, कागदावर डीसीआर लिहिला, फोटो काढून मेल केला. फर्म म्हणायची, कंपनीला विचारा. कंपनी म्हणायची, फर्मला विचारा. त्या दिवसांचा डीए मला आजपर्यंत मिळालेला नाही. रक्कम मोठी नव्हती, पण ते दिवस मी उन्हात चालले होते आणि कुणाच्याही नोंदीत ते नाहीत, हे मला अजून बोचतं.

रजेचंही तसंच. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ चा कायदा होता. त्यात कामाच्या दर अकरा दिवसांमागे एक दिवस भरपगारी अर्जित रजा होती. मी तो वाचला होता म्हणून मागितली. मुदत संपल्यावर तिचे पैसे मिळाले, पण तीन मेल केल्यावर. माझ्याबरोबर वेगळ्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या दोघांना हे हक्क असतात हेच माहीत नव्हतं. कंत्राटावर असाल तर आपल्या लेटरची आणि डीसीआरची प्रत स्वतःजवळ ठेवा, एवढं मी प्रत्येक नव्या पोराला सांगते.

एसटीनं मला सांभाळलं. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च निम्मा, आणि मी क्लेमही निम्म्याचाच लावायचे. काही जण पूर्ण तिकिटाचे पैसे लावतात. मला ते जमलं नाही. निलंग्याच्या गाडीत शेजारच्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठं जायलालाव बाई, एवढी मोठी बॅग घेऊन?" औषध कंपनीत आहे म्हटल्यावर तिनं पिशवीतून सुनेच्या गोळ्या काढून दाखवल्या. उतरेपर्यंत मला तिच्या घरातल्या चार माणसांचे आजार कळले होते.

निलंग्याच्याच एका वेटिंग रूममध्ये मी जे पाहिलं ते सांगायला हवं. दुपारचे दोन वाजले होते. बाकावर माझ्या शेजारी एक पोटुशी पोरगी बसली होती, एकोणीस-वीसची. तिच्या हातातल्या पिशवीत आमच्याच दोन स्ट्रिपा होत्या, एक लोहाची आणि एक कॅल्शियमची. दोन्हींतल्या सारख्याच संख्येनं गोळ्या फोडलेल्या. मी सहज विचारलं, कधी घेतेस? म्हणाली, "रात्री जेवल्यावर, दोन्ही सोबतच. म्हणजे विसरत नाही." आपली जागा मला ठाऊक आहे, रुग्णाला सल्ला देणं हे माझं काम नाही. "आत गेल्यावर मॅडमना विचार हं," एवढंच म्हणाले. पण माझा नंबर लागल्यावर त्या दिवशी मी व्हिज्युअल एड उघडलंच नाही. म्हटलं, मॅडम, बाहेरची एक पेशंट दोन्ही गोळ्या एकत्र घेते. कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही, हे मॅडमना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण केमिस्टकडून गोळ्या एकाच पाकिटात जातात आणि चिठ्ठीवर दोन्हींपुढे "१ गोळी" एवढंच असतं, हे त्यांच्यापर्यंत कधी आलं नव्हतं. त्यांनी सिस्टरला हाक मारली. तेव्हापासून तिथं लोहाच्या स्ट्रिपवर पेनानं 'सकाळी' आणि कॅल्शियमवर 'रात्री' असं लिहून द्यायला लागले. जानेवारीत गेले तेव्हा चालू होतं. या गोष्टीनं आमचा सेल वाढला की नाही, मला माहीत नाही. ती पोरगी हिरवट फिक्या चेहऱ्याची होती, आणि तिच्या अंगाला लोह लागायला हवं होतं.

आता उदगीर. माझं लातूर खऱ्या अर्थानं उदगीरमध्येच घडलं.

सहाव्या महिन्यानंतर तिला उदगीरचा प्रवास झेपेना, त्यामुळे तिथं तीन महिने कुणी गेलंच नव्हतं. मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. पहिल्या खेपेला मुक्कामाला थांबायचं म्हणून लॉज पाहिला, तर "सोबत कोण आहे?" याच प्रश्नावर काउंटरवरचा माणूस अडून बसला. शेवटी रात्रीच्या गाडीनं परतले. पुढे मी उदगीर पहाटेच्या गाडीनंच करायचे.

एका मोठ्या दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलमध्ये मी आरसीपीए करायला गेले, म्हणजे कुठल्या कंपनीच्या किती चिठ्ठ्या येतात ते विचारायला. काउंटरवर साठीतले काका होते. कंपनीचं नाव ऐकल्याबरोबर ते काही न बोलता आत गेले. परत आले ते सलाईनच्या बाटल्यांचा एक खोका घेऊन. सुतळीनं बांधलेला. त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, "साहेब येणार". ते खोडून खाली, "मॅडम येणार".

खोक्यात आमच्या प्रोजेस्टेरॉनच्या स्ट्रिपा होत्या, रबर लावून पाच-पाचच्या गठ्ठ्यांत, आणि लोहाच्या सिरपच्या दोन बाटल्या. सगळं एक्सपायर झालेलं. सव्वापाच हजारांचा माल. काकांनी स्ट्रिपा काचेवर एकेक करून मांडल्या, जशी पूजेची पानं मांडावीत तशा, आणि म्हणाले, "हा माल मी मागवला नव्हता. तुमच्या त्या साहेबांनी जाता जाता टाकला. काका, एवढं घ्या, विकलं नाही तर मी परत नेतो, म्हणाले. त्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली."

ते साहेब म्हणजे वही देणाऱ्या माझ्या ताईच्याही आधीचे. मी त्यांना कधी पाहिलं नाही. शेवटच्या महिन्यात टार्गेट भरण्यासाठी त्यांनी स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, माल उतरवला, स्टॉकिस्टनं केमिस्टांवर ढकलला, आणि केमिस्टाच्या फळीवर तो वर्षभर पडून राहिला. कंपनीच्या कागदावर तो महिना उत्तम होता.

कंपनीच्या नियमाप्रमाणे एक्सपायरीनंतर तीन महिन्यांच्या आत आलेलाच माल परत घेतात. मी तारखा पाहिल्या. बहुतेक स्ट्रिपा जुलै आणि ऑगस्टच्या, म्हणजे हातात थोडे दिवस होते. तीन स्ट्रिपा मात्र मे महिन्याच्या. मी तिथंच स्टुलावर बसून बॅच नंबर, तारीख, नग, किंमत अशी यादी केली. तीन प्रती. एकीवर काकांचा शिक्का. दुसऱ्या दिवशी खोका घेऊन स्टॉकिस्टकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर सहा महिन्यांच्या. कशाला अंगावर घेता?" त्याचं बरोबर होतं, कारण क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाच्या पैशांची कंपनीची चिठ्ठी, येईपर्यंत त्याचेही पैसे अडकणार होते. तरी त्यानं सही केली. माल भिवंडीच्या सी अँड एफकडे, म्हणजे कंपनीचं गोदाम सांभाळणाऱ्या एजंटकडे, गेला. डिसेंबरात एकदा कागद हरवले, मी माझ्या प्रतीवरून पुन्हा पाठवले. क्रेडिट नोट फेब्रुवारीत आली.

मी ती घेऊन गेले तेव्हा काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, वहीतली जुनी नोंद काढून पेनानं खोडली आणि म्हणाले, "त्या तीन राहू द्या. त्या माझ्याकडून गेल्या." त्या दिवसापासून ते आरसीपीएसाठी मला बिलांची फाईलच समोर ठेवायचे. बाकीच्या एमआरना ते तोंडी आकडे सांगत.

मार्च आला. आमच्यात वर्षअखेरच्या टार्गेटचा मार्च म्हणजे काय, हे धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. २६ तारखेला रात्री साडेनऊला मॅनेजरांचा फोन आला. आवाज थकलेला होता. त्यांच्यावरही वरून फोन येत असणार. म्हणाले, "उदगीरच्या स्टॉकिस्टकडून एक लाख वीस हजारांची ऑर्डर घे. प्रोजेस्टेरॉन टाक, व्हॅल्यू मोठी आहे."

माझ्यासमोर स्टेटमेंट उघडं होतं. कॅप्सूलच्या २४० स्ट्रिपा शिल्लक, महिन्याची सेकंडरी, म्हणजे स्टॉकिस्टकडून केमिस्टांना होणारी विक्री, नव्वद. म्हणजे अडीच महिन्यांहून जास्त माल आधीच पडून होता. मी ते वाचून दाखवलं.

"तू तर ३१ ला जाणार. एप्रिलचं एप्रिलला बघू."

"सर, एप्रिलला ती परत येणार आहे."

ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, लोहाच्या गोळ्या खपतायत, त्यांची खरी ऑर्डर आणते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेले आणि ३८ हजारांची आणली. महिना टार्गेटच्या ९१ टक्क्यांवर थांबला. माझ्या शेवटच्या अहवालात "पुढील असाइनमेंटसाठी शिफारस" या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. मला वाईट वाटलं, कारण ते माणूस म्हणून वाईट नव्हते. मी तापानं पडले होते तेव्हा त्यांनीच दोन दिवस माझी सुट्टी सांभाळून घेतली होती. पण तो खोका मी माझ्या हातांनी सुतळी सोडून पाहिला होता. त्याच फळीवर दुसरा ठेवून, वर तिसऱ्यांदा "मॅडम येणार" लिहायला लावणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

३० तारखेला रविवारी पाडवा होता आणि ३१ ला ईद. म्हणजे काम शनिवारीच संपलं. पाडव्याला सकाळी मी तिच्या माहेरी गेले. दारात गुढी होती. पोर पाच महिन्यांची झाली होती, सतरंजीवर पालथी पडून गाठीच्या माळेकडे सरकायचा प्रयत्न करत होती. तिच्या आईनं मला पुरणपोळी वाढली आणि "तुझ्या भरवशावर हिनं विश्रांती घेतली," असं म्हणून वर तूप ओतलं.

मी वही परत दिली. माझी अक्षरं निळ्या शाईची होती, तिची काळ्या. निलंग्याच्या पानावर 'सकाळी/रात्री'ची हकीकत. दोन डॉक्टरांचे पत्ते बदलले होते ते. सॅम्पलचे आकडे, सगळे बारापर्यंत किंवा आत. अ‍ॅपमध्ये चुकीच्या जागी लागलेली सात लोकेशनं दुरुस्त केली त्यांची यादी. तिनं एकेक पान उलटत वाचलं. उदगीरला आल्यावर थांबली.

"काकांचा खोका?"

"गेला. तीन स्ट्रिपा राहिल्या. कंपनीनं घेतल्या नाहीत. काकांना सांगितलंय, ते ठीक म्हणाले."

"आणि स्टॉकिस्टकडचा क्लोजिंग स्टॉक?"

"अडीच महिने होतं. वाढवलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मॅनेजरांशी तिचं बोलणं झालं असावं, पण ती त्यावर काही बोलली नाही. पोरीला उचलून मांडीवर घेतलं, दुसऱ्या हातानं वहीचं नवं पान काढलं आणि काळ्या पेनानं वर तारीख घातली, १ एप्रिल. खाली लिहिलं, "औसा रोड, मॅडम, १२.३०."

पोरीनं पेन पकडलं, आणि रेघ पानभर गेली.